पाटी नावाची फाइल

मनमाडहून आलेल्या त्या पत्राला वर्ष होत आलं तरी सावळीराम विधात्यांनी उत्तर दिलं नव्हतं. उत्तर द्यायला अवघड असं त्यात काही नव्हतं, आणि तीच अडचण होती. अंतर्देशीय पत्राच्या निळ्या कागदावर, फळ्यावर लिहून लिहून गोल झालेल्या अक्षरात वत्सलाबाई निरभवण्यांनी एवढंच लिहिलं होतं की पुस्तक छापून आलं, लोक वाचताहेत, आणि जो तो नेमकं तेच वाक्य काढून बोलतो आहे, जे तुम्ही प्रुफाच्या समासात पेन्सिलीने लिहिलंत. 'मी ते तसंच घेतलं. कुणी शाबासकी दिली की मला दुसऱ्याच्या झाडाची फुलं तोडल्यासारखं होतं. तुमच्याजवळ असं आणखी असणार. असेल ते पाठवा. निवृत्त शिक्षिकेला वाचायला वेळच वेळ असतो.' पत्र वाचून सावळीरामांचे कान गरम झाले होते. घडी करून त्यांनी ते शब्दकोशात ठेवलं, मग शब्दकोशातून काढून उशाखाली, आणि उशाखालून पुन्हा शब्दकोशात. वत्सलाबाईंचे वडील मनमाड जंक्शनवर सिग्नलच्या बत्त्या लावायच्या कामावर होते आणि पुस्तक त्यांच्याविषयी होतं. बाईंनी मुळात लिहिलं होतं, 'संध्याकाळी वडील बत्ती घेऊन कामावर निघत तेव्हा आम्हां मुलांना फार एकटं वाटे.' त्यात चूक नव्हती. चूक नसलेल्या ओळीला मुद्रितशोधकाने हात लावायचा नाही. त्याचं काम दिसलं की ते चुकलं, असं छापखान्यात पहिल्याच आठवड्यात त्यांना सांगितलं गेलं होतं आणि सगळी नोकरी त्यांनी ते पाळलं होतं. त्या ओळीपाशी मात्र पेन्सिल थांबली, आणि समासात उतरलं, 'वडील बत्ती घेऊन निघाले की घरातला उजेडही ड्यूटीवर जाई.' पुढे त्यांनी एक बारीकसं प्रश्नचिन्ह केलं. म्हणजे, चालेल का? म्हणजे, चालत नसेल तर मी काही म्हटलंच नाही असं समजा.

ते प्रश्नचिन्ह आज सकाळी पुन्हा समोर आलं ते रविराजच्या फोनमुळे. रविवार कारंज्याजवळच्या ज्या छापखान्यात त्यांची नोकरी झाली तो आता रविराज चालवत होता. वडिलांच्या वेळचे मुद्रितशोधक म्हणून तो त्यांना काका म्हणे आणि निवृत्तीनंतरही प्रुफं त्यांच्याकडेच पाठवी. पूर्वी कागदावर, आता फाइलीत.

"काका, काल तुम्ही पाठवलेली फाइल रिकामी आहे."

"रिकामी कशी? द्राक्षबागांच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आहे ते."

"ते नाही आलं. 'पाटी' नावाची फाइल आलीय. उघडली तर कोरी."

मखमलाबादच्या घराच्या वरच्या खोलीत सावळीराम खिडकीशी बसले होते आणि खाली अंगणात बाजाराला जायच्या झेंडूच्या ढिगावर कुणीतरी पाणी शिंपडत होतं. तो आवाज त्यांना एकदम फार जवळून आल्यासारखा वाटला.

"मी म्हटलं, विधातेकाका कोरी फाइल पाठवणाऱ्यातले नाहीत. चुकून पुसलं गेलं असेल. म्हणून मागचं काढून बघितलं."

"मागचं म्हणजे?"

"हिस्टरी हो. फाइलीत आधी काय काय होतं ते सगळं राहतं ना वर. तुम्ही टाइप केलेलं, पुसलेलं, तारीखवार लावून ठेवलेलं असतं."

"पुसलेलंसुद्धा?"

"पुसलेलंच जास्त आहे तुमच्यात," रविराज म्हणाला, आणि आपण हसलो हे लक्षात येऊन थांबला. "काका, मी फार नाही वाचलं."

"फार म्हणजे?"

"दोनतीन. ते टोपलीच्या तळातल्या फुलांचं वाचलं. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुढचं वाच. मी म्हटलं, पुढं पुसलंय." मग जरा वेगळ्या सुरात तो म्हणाला, "बाय द वे, त्या मनमाडच्या बाईंचा परवा फोन होता. दुसरी आवृत्ती काढायचीय. तुमची चौकशी केली. म्हणाल्या, विधाते आहेत ना अजून?"

"आहेत ना म्हणजे?"

"तसंच, काका. पत्राचं उत्तर आलं नाही म्हणून विचारते, म्हणाल्या."

"रविराज, ते मागचं पुसायचं कसं?"

"एकेक नाही पुसता येत. अख्खी फाइलच कचऱ्यात टाकायची आणि कचरा रिकामा करायचा. एका मिनिटाचं काम आहे." तो घुटमळला. "पण काका, मी असतो तर नसती टाकली." द्राक्षांचं प्रकरण तेवढं पाठवा, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

अंघोळीला बसावं आणि मोरीचा पडदा वाऱ्याने उडावा, तसं झालं होतं. ते प्रकरण त्यांनी आधी पाठवून दिलं, नाव दोनदा वाचून, कारण काम ते काम. मग लॅपटॉपचं झाकण बंद केलं आणि त्यावर दोन्ही तळहात ठेवून बसले, जणू आतून काही बाहेर येऊ पाहत होतं. झाकण गार होतं. ते कधी तापायचंच नाही, आवाजही करायचं नाही. त्यांना ते आवडायचं. आज त्या गप्प राहण्यात लबाडी दिसली. सगळं ऐकून घेणारा आणि काहीच न बोलणारा माणूस घरात असावा आणि एक दिवस कळावं की त्याने सगळं लिहून ठेवलंय. त्यांनी तर त्याला पाटी समजून वापरलं होतं. शाळेत त्यांच्याजवळ लाकडी चौकटीची पाटी होती, एका कोपऱ्यात फुटलेली, आणि ओलं फडकं. गुरुजी बाकांमधून फिरत फिरत जवळ आले की सावळीरामचा हात आपोआप फडक्याकडे जाई. उत्तर बरोबर असे, पुष्कळदा वर्गात त्याचंच बरोबर असे, पण दुसऱ्याचे डोळे त्यावर पडायच्या आत ते पुसलं जाई. 'विधाते, तुझी पाटी नेहमी ओली कशी रे?' गुरुजी विचारत. पोरं हसत. ओल्या पाटीचा तो वास, दगडाचा आणि थुंकीचा आणि कापडाचा, त्यांच्या नाकात अजून होता. त्या वासात एक सुटकाही होती. पुसलं की आपण नव्हतोच. छापखान्यात तरी काय वेगळं होतं? दुसऱ्यांची पुस्तकं घासून पुसून स्वच्छ करायची, आणि कागदावर आपली एक खूण म्हणून राहू द्यायची नाही. प्रुफं वापरून झाली की शेवगाठीच्या दुकानात जात. आपल्या पेन्सिलीच्या खुणांवर लोक शेव खातात, असं ते एकदा रविराजच्या वडिलांना म्हणाले होते, आणि मालक इतके हसले होते की पुढे कितीतरी दिवस सावळीरामांना त्या एका विनोदाचा अभिमान आणि लाज आलटून पालटून वाटत राहिली.

हा लॅपटॉप वेदिकेने दिला होता. वेदिका म्हणजे पुतण्याची, अमोलची मुलगी. पुण्यात नोकरीला लागली आणि पगार साठवून तिने आजोबांसाठी हा आणला, कारण जुना संगणक सुरू होईपर्यंत आजोबांचा चहा निवतो, असं तिचं म्हणणं होतं. 'आजोबा, यात काही साठवायचं नसतं. सगळं वर राहतं, क्लाउडवर. हे म्हणजे नुसतं दार समजा. उघडायचं, काम करायचं, बंद करायचं.' कुसाबाई, म्हणजे सावळीरामांची वहिनी, फुलांचे हात पदराला पुसत वर आल्या होत्या. त्यांनी तो एका हातावर तोलून पाहिला, जशा त्या बाजाराला जायची फुलांची टोपली तोलत.

"हे येवढं हलकं कसं? आत काय हाय ह्याच्या?"

"आत काही नाही वहिनी. सगळं वर असतं. ढगात."

"म्हंजी भाऊजी, तुमच्या आधी तुमचं लिखाण ढगात गेलं म्हना."

वेदिका हसून हसून पलंगावर आडवी झाली होती. सावळीरामांनी मात्र ते 'आत काही नाही' मनात पक्कं धरलं. प्रुफांच्या फाइली वर राहतात हे त्यांना समजत होतं, कारण त्या राहायला हव्यातच, त्या लोकांच्या असतात. पण आपण आपल्या हाताने लिहिलेलं आपल्याच हाताने पुसलं, तर ते कुठे राहील? आणि कशाला? सकाळचं काम आटोपलं की ते एक कोरी फाइल उघडत. तिला त्यांनी नाव दिलं पाटी. तिच्यात ते वत्सलाबाईंना उत्तर लिहीत. सप्रेम नमस्कार. पत्र पोचले. मग पुढे ओळीमागून ओळ, कधी बाईंच्या वाक्याबद्दल, कधी भलतीकडेच, मळ्याकडे, छापखान्याकडे, आईकडे. जेवायची हाक आली की सगळं निवडून एका बोटाने पुसत आणि खाली जात. जेवताना हात हलके असत. वत्सलाबाईंना उत्तर दिलं नाही याची टोचणी तेवढी राही, पण आज प्रयत्न केला, बरं जमलं नाही, असं समाधानही असे.

आणि ह्याच यंत्राचा त्यांना केवढा अभिमान होता. कुणाला सांगितला नसता, पण होता. सुरुवातीला छापखान्यातल्या टाइप करणाऱ्या मुलांनी त्याला नावं ठेवली होती. 'काका, हे शाळेतल्या पोरांचं मशीन आहे. याच्यावर धंद्याचं काम होत नसतं.' खरी अडचण अक्षराची होती. छापखान्यात मराठी टाइप व्हायचं ते जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, आणि तो फॉन्ट ज्याच्या संगणकात घातलेला असेल त्यालाच मजकूर मराठी दिसे. सावळीरामांच्या ह्या हलक्या मशीनमध्ये बाहेरचं काही घालायची सोय नव्हती, त्यामुळे फाइल उघडली की ज्ञानाच्या गोष्टींच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि कंसांचा उकिरडा. दुसरा कुणी असता तर भांडला असता, किंवा नवा संगणक घेतला असता. सावळीरामांना दोन्ही येत नव्हतं. ते प्रत्येक फाइल परत पाठवत आणि खाली लिहीत, 'मला वाचता येत नाही. क्षमस्व.' दर वेळी तेच. रागाने नाही, मुळीच नाही. खरोखर क्षमा मागत. मुलं वैतागली, रविराजने डोक्याला हात लावला, पण विधाते नकोत असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही, कारण त्यांच्या हातून गेलेल्या पुस्तकात ऱ्हस्वदीर्घाची तक्रार येत नव्हती. अखेर कंटाळून छापखान्याने सगळं टाइपिंग कुठल्याही मशीनवर उघडेल अशा युनिकोडमध्ये सुरू केलं. पुढे मुंबईच्या एका प्रकाशकाने तशाच फाइली मागितल्या, आणि तयार असलेला छापखाना त्या गल्लीत हा एकटाच निघाला. रविराजने पेढे वाटले तेव्हा सावळीराम मागच्या रांगेत उभे होते. कापडी पिशवीत वहीसारखा तो लॅपटॉप, आणि त्यांच्या मनात एक वाक्य फिरत होतं. एका शाळकरी मशीनपुढे अख्खा छापखाना सरळ झाला. तेही त्यांनी दुसऱ्या दिवशी पाटीत लिहिलं होतं. आणि पुसलं होतं. म्हणजे, आता कळत होतं, पुसलं नव्हतं.

जेवायला ते खाली आले. कुसाबाई ओट्यावर शेवंती निवडत बसल्या होत्या, चांगली एकीकडे, पाकळी गळालेली दुसरीकडे. डोळ्यांनी आताशा कमी दिसे, पण बोटांना कळत असावं.

"तोंड का उतरलं भाऊजी?"

"काही नाही." मग भाकरीचा तुकडा मोडून ते म्हणाले, "मी लिहून पुसलेलं होतं, ते छापखान्यात वाचलं त्यांनी."

"पुसलेलं कसं वाचलं?"

"राहतं म्हणे ते. वर."

कुसाबाईंनी वर छताकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "वाईट लिव्हलं व्हतं का?"

"माहीत नाही."

"वाचलं नाय तुम्ही?"

"लिहिलंय मी, वहिनी. वाचलं नाही."

"ऱ्हाऊ द्या. जल्मभर लोकांचे सदरे धुतले, आपला कधी दोरीवर टाकला नाय. आता वाऱ्यानं टाकला तर लाजता." त्यांनी एक शेवंती नाकाशी नेली आणि चांगल्यांत टाकली. "माझं काय लिव्हलंय का त्यात?"

"असेल."

"चांगलं?"

"असेल."

"मंग नका पुसू," कुसाबाई म्हणाल्या. "आधी मला वाचून दावा, मंग पुसा."

वर आल्यावर त्यांनी दार लोटून घेतलं. कडी लावावीशी वाटली, पण कडी लावली तर आपण काहीतरी करतो आहोत असं होईल म्हणून नाही लावली. पुसून टाकायचंच होतं. फक्त काय पुसतो आहोत ते एकदा बघायचं. रविराजने सांगितलेल्या जागी बोट नेलं तसा पडदा दुभंगला आणि उजव्या बाजूला तारखांची एक उतरंड लागली. खाली सरकवावी तितकी ती सरकत होती. आंब्याचे दिवस, थंडी, पाऊस, मधे ताप आला होता ते दिवस सुटलेले, मग पुन्हा सलग. ही एवढी माणसं ओळीने उभी आहेत आणि सगळी आपणच आहोत, असं काहीतरी त्यांना वाटलं. एका तारखेवर बोट ठेवलं. मजकूर उगवला, रंगीत अक्षरांत, आणि प्रत्येक ओळीच्या मधून आडवी रेघ. पुसलेलं दाखवायची त्या यंत्राची ही रीत होती. रेघ मारलेला मजकूर. तो तर त्यांच्या ओळखीचा होता. हात आपोआप मेजावरच्या पेन्सिलीकडे गेला, चष्मा नाकावर खाली आला, पाठ ताठ झाली. समोर एक प्रूफ होतं. कुणाचं का असेना.

'आमच्या घरी देवाला चांगली फुलं कधी मिळाली नाहीत. चांगली बाजारात जात. टोपलीच्या तळाशी जी चेपून राहत, ती संध्याकाळी देवाला. आई ती वाहताना देवाला सांगे, आजचा भाव बरा होता. देवाने कधी कुरकूर केल्याचं ऐकलं नाही. मला वाटतं, भाव बरा असणं हेच त्याला वाहिलेलं फूल होतं. मोठं झाल्यावर मी देवळांत ताज्या फुलांच्या राशी पाहिल्या, आणि प्रत्येक वेळी मनात आलं, कुणाच्या तरी घरचा देव आज तळाशी बसला असेल.'

सावळीरामांनी ते एकदा वाचलं. मग मुद्रितशोधक वाचतो तसं, एकेक अक्षर सुटं करून, दुसऱ्यांदा. 'कुरकूर' बरोबर. 'राशी' बरोबर. स्वल्पविराम एक जास्त वाटला, तो काढून मनात म्हणून पाहिलं, तर वाक्य धावायला लागलं. तो हवाच होता. ज्याने कुणी लिहिलं होतं त्याला ठाऊक होतं. त्यांनी पुढची तारीख उघडली.

'छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे त्या काळी अक्षरं आरशात असावीत तशी उलटी वाचावी लागत. मला ते इतकं जमलं की सरळ छापलेलं पान परकं वाटे. माणसांचंही तसंच झालं. समोरून बोलायला आलेला माणूस मला वाचता येत नाही. तो पाठमोरा होऊन निघून गेला की मग सावकाश लागतो. वत्सलाबाई, तुमचं पत्र मला आता लागतं आहे.'

खिडकीतून ढिगाचा वास येत होता, ओल्या झेंडूचा, थोडा तिखट. त्यांनी वाचलं, पुढचं वाचलं, त्याच्या पुढचं. कुठे नुसतंच 'सप्रेम नमस्कार' होतं आणि पुढे काही नाही, तशीही कितीतरी होती. कुठे रडगाणं होतं, तिथे ते चष्म्यावरून नापसंतीने पाहत आणि पुढे जात. दुसऱ्याच्या प्रुफातही त्यांनी तेच केलं असतं. एका ठिकाणी वहिनी नवी नवरी होऊन आली त्या वर्षी मळ्यातल्या पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसली होती आणि सासूने हाक मारल्यावर पाण्यासकट उठली, असं होतं. पाण्यासकट उठली. हे कुणी लिहिलं, असं त्यांच्या मनात आलं, आणि कान गरम झाले, पण आता ते वेगळं गरम होणं होतं. गुरुजी बाकाशी आले आहेत, पाटी कोरडी आहे, उत्तर तिच्यावर आहे, आणि हात फडक्याकडे जात नाही. गुरुजी वाचताहेत. वाचू देत.

त्यांच्या धंद्यात एक खूण होती. एखादा शब्द खोडला आणि मागाहून वाटलं की नको, होता तोच बरा, तर त्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, 'तसेच ठेवा'. खिळे जुळवणारा जुळारी खोडलेल्याकडे बघत नसे, टिंबांकडे बघे. उभ्या नोकरीत सावळीरामांनी ही खूण हजारदा दुसऱ्यांसाठी केली होती. लेखक घाबरून आपलीच चांगली ओळ खोडत आणि ते खालून हळूच टिंबं देत, आणि लेखकाला वाटे आपलंच मन बदललं. पडद्यावर पेन्सिल चालत नव्हती. पण त्यांच्या लक्षात आलं की आपलं बोट मेजावर वाजतं आहे, ओळ संपली की टक टक टक, पुढची ओळ, टक टक टक. कितीतरी वेळ ते वाजत असावं. खालून कुसाबाईंचा आवाज आला, "भाऊजी, सुतार बोलावलाय का वर?" ते हसले. एकटेच, मोठ्याने, आणि त्या आवाजाने स्वतःच दचकले.

फाइल कचऱ्यात टाकायचं बटण वरती होतं. त्याच्याकडे त्यांनी पाहिलं. रविराज म्हणाला तसं एका मिनिटाचं काम. मग विधाते आहेत ना अजून, या प्रश्नाचं उत्तर मनमाडला कुणीही देऊ शकलं असतं. हो, आहेत, प्रुफं बघतात. तेही खरं होतं. उतरंडीच्या अगदी तळाशी जाऊन त्यांनी पहिलीच तारीख उघडली, लॅपटॉप आला त्या आठवड्यातली. तिथे बाईंना लिहिलेलं होतं, 'ते वाक्य माझं नाही. तुमच्या वडिलांची बत्ती होती, तुमचं घर होतं, अंधारही तुमचाच. मी फक्त तिथून जात होतो आणि मला दिसलं. पण दिसलं ते मला, हे मात्र खरं.' शेवटच्या ओळीवर ते थांबले. हा माणूस उद्धट आहे, असं प्रथम वाटलं. मग वाटलं, नाही, बरोबर आहे. दिसलं मलाच होतं. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं की ही आवृत्ती परत आणता येते. सावळीरामांनी ती परत आणली. रंग गेला, आडवी रेघ गेली, आणि काळ्या साध्या अक्षरात ओळी कोऱ्या पानावर येऊन बसल्या, इतक्या सहज की जणू कुणी त्यांना बाजूला सरायला सांगितलं होतं आणि आता जागेवर या म्हटलं. मग मागच्या तारखांतून एकेक उचलून ते खाली लावत गेले. टोपलीचं. खिळ्यांचं. वहिनीचं. शाळकरी मशीनपुढे सरळ झालेल्या छापखान्याचं, त्यातलं एक विशेषण काढून. अंगणातली फुलं टेंपोत चढली, उन्हं भिंतीवरून खाली उतरली, आणि चहा निवला. लॅपटॉप लगेच सुरू होत असूनही चहा निवला, हे वेदिकेला सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत लॅपटॉप घालून ते बसने रविवार कारंज्यावर उतरले. छापखान्यात रविराजच्या टेबलावर त्यांनी तो उघडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं. त्यांच्या कामाचा पडदा नेहमी त्यांच्याकडे तोंड करून असे.

"याची प्रुफं काढून दे."

रविराज वाचायला लागला. वाचता वाचता त्याने खुर्ची जवळ ओढली. "छापायचंय का काका?"

"आत्ता नाही. पाठवायचंय. समास मोठा सोड."

"किती मोठा?"

"पेन्सिलीने लिहिता येईल एवढा. बाईंना."

"काका, मेल करा ना. तुमचं सगळं वरच तर आहे. एक बटण दाबलं की मनमाड."

"त्यांनी कागदावर लिहिलं होतं," सावळीराम म्हणाले. मग मान खाली न घालता म्हणाले, "आणि एक जास्तीची प्रत काढ. तुझ्या आईला पुढचं वाचायचं होतं ना." स्वतःशीच बोलल्यासारखं त्यांनी पुढे म्हटलं की आणखी एक लागेल, वहिनींसाठी, मोठ्या अक्षरात, पण ती आपण वाचूनच दाखवू.

प्रुफं निघाली, उबदार, शाईचा नवा वास असलेली. एवढी पानं होतील असं त्यांना वाटलं नव्हतं. पहिल्या पानावर वर त्यांनी हाताने लिहिलं, 'सप्रेम नमस्कार. विधाते अजून आहेत. तुम्ही म्हणाला होतात, असेल ते पाठवा. हे आहे. समास मुद्दाम मोठा सोडला आहे, जिथे थांबाल तिथे लिहावे.' वाचून पाहिलं. सवयीने पेन्सिलीचं टोक शेवटी एक बारीक प्रश्नचिन्ह करायला टेकलं होतं. ते त्यांनी उचललं आणि पूर्णविराम ठळक केला.

पोस्टात खिडकीशी रांग होती. पिशवी एका खांद्यावर होती आणि पाकीट छातीशी. पिशवी जाणवतही नव्हती. खिडकीतल्या मुलीने पाकीट घेतलं, पत्ता वाचला, उलटून पाहिलं.

"मनमाड. आत काय आहे, काका?"

काही नाही, असं त्यांच्या जिभेवर आलं होतं. जन्मभर याच शब्दांनी त्यांनी दारं लावली होती. मागे कुणीतरी घाई करत होतं.

"उत्तर आहे," ते म्हणाले.

तिने मान वर करून एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पाकीट काट्यावर ठेवलं. आकडे पळाले आणि थांबले. "चांगलंच जड आहे हो."

"असणारच," सावळीराम म्हणाले.